खिंडीतला लाल दगड

"कुठली बाजू?" मी विचारलं.

राघो चुलीपाशी उकिडवा बसून चहा फुंकत होता. बाहेर त्याचे दोन्ही बैल दगडी डोणीत तोंड खुपसून पाणी पीत होते आणि गाडीतल्या मिठाच्या गोणींवर धुक्याचे थेंब जमले होते. दुपारचे बारा वाजले असतील. पण आमच्या खिंडीत धुकं चढलं, की सकाळ कुठली आणि दुपार कुठली हे चुलीवर काय शिजतंय त्यावरूनच कळायचं.

"ऐकलंस का? निरोप हाय म्हणालास ना, मग बाजू सांग. उसाची का मिठाची?"

तो पेल्यात बघत राहिला.

ही गोष्ट बासष्ट सालातली. मी एकोणीस वर्षांची होते, आणि माझ्याइतकी पाठांतराची पक्की मुलगी अख्ख्या मोरिशसात सापडायची नाही असं मला मनापासून वाटायचं. नाव येसू. आई लहानपणीच गेलेली. खिंडीतल्या घरात मी आणि माझा बा, दोघंच.

आमचं बेट म्हणजे कधीकाळी समुद्रातून वर आलेला आगीचा डोंगर. तो विझला, थंड झाला, त्यावर झाडं वाढली, मग माणसं आली. त्या डोंगराच्या कण्यात एक खाच आहे, तीच आमची खिंड. पूर्वेला खाली उसाचे मळे, पश्चिमेला खाली मिठागरं. खिंडीत उभं राहिलं की दोन्हीकडचा दर्या दिसतो, म्हणून आमची माणसं तिला दोन दर्यांची खिंड म्हणायची. नकाशावर तिला फिरंगी नाव आहे, पण ते आमच्या घरात कधी कुणी उच्चारलं नाही.

माझा पणजा कोकणातून आला तेव्हा उसाच्या कोठीवरच्या, म्हणजे गोऱ्याच्या मळ्यावरच्या, मजुराला मालकाच्या चिठ्ठीशिवाय हलता येत नसे. भाऊ उसाच्या बाजूला, बहीण मिठाच्या बाजूला, मध्ये डोंगर. दोघं एकाच बोटीतून उतरलेली, पण दहा-दहा वर्षं भेट नाही. डोंगर ओलांडायची मुभा फक्त गाडीवाल्यांना. मग गाडीवाले खिंडीत बैल सोडायचे, चहा प्यायचे, आणि एका बाजूचा निरोप आमच्या घरात ठेवून जायचे. दुसऱ्या बाजूला उतरणारा जो पहिला माणूस येईल तो तो निरोप घेऊन जायचा. पुढे चिठ्ठ्या गेल्या, पायवाटेची गाडीवाट झाली, पण निरोपाची रीत राहिली. लोकांना टपालापेक्षा आमच्या घराचा भरवसा जास्त होता.

दाराशी एक टोपली असायची. तिच्यात दोन तऱ्हेचे दगड. उसाच्या बाजूचे काळे, मळ्यातून वेचलेले. मिठाच्या बाजूचे पांढरे, किनाऱ्यावरचे पोवळ्याचे. निरोप ज्या बाजूला जायचा त्या बाजूचा दगड सांगणाऱ्यानं स्वतःच्या हातानं कोनाड्यात ठेवायचा. निरोप मी ऐकायची, नेणाऱ्याकडून तीनदा म्हणून घ्यायची. उत्तर आलं, की ते ज्याचं त्याला उंबऱ्यात उभं राहून सांगायचं. मग त्यानं आपला दगड त्या त्या उतरणीवर फेकून द्यायचा, आणि निरोप संपला.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, निरोपात आपला शब्द घालायचा नाही. एकही नाही. बाच्या लहानपणी माझ्या आजोबांनी एकदा घातला होता. 'आई लई आजारी, ताबडतोब ये' असा निरोप होता. ऐकणारा लेक रडवेला झाला म्हणून आजोबांच्या तोंडून निघून गेलं, 'बरी होईल रे.' तेवढ्या आधारावर लेक एक दिवस उशिरा निघाला आणि त्याला आईचं तोंड दिसलं नाही. आजोबा त्यानंतर मरेपर्यंत निरोपाला बसले नाहीत. बानं मला ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती, की त्या म्हाताऱ्या बाईचा चेहरासुद्धा मला पाठ झाला होता.

तर राघो. तो राहायला उसाच्या बाजूला. दर सोमवारी मिठागरावरून गोण्या भरून वर यायचा. आल्या आल्या आधी बैलांच्या खांद्यांना तेल चोळायचा, जू घासून कातडी सोललीय का बघायचा, आणि मग चहा मागायचा. बाकीचे गाडीवाले आधी चहा मागायचे. मला त्याच्यातलं काय आवडलं असं कुणी विचारलं असतं, तर मी हेच सांगितलं असतं. मात्र कुणी विचारत नव्हतं, आणि मी त्याला नावानं हाकसुद्धा मारत नव्हते. "ओ मीठवाले" म्हणायची. तो मला येसू म्हणायचा. दोन वर्षं त्यानं दर सोमवारी मिठागरातल्या पहिल्या थराचा एक चौकोनी खडा माझ्यासाठी आणला. मी प्रत्येक वेळी म्हणायची, "आमच्या घरात मीठ न्हाय वाटतं?" आणि खडा बिस्किटांच्या डब्यात ठेवून द्यायची.

त्या सोमवारी त्यानं खडा आणला नव्हता. ती त्याची मिठाची शेवटची खेप होती. विलायतेतल्या कुठल्याशा हॉस्पिटलात त्याला काम मिळालं होतं आणि येत्या शनिवारी बोट होती. ही बातमी मला आठ दिवस आधीच कळली होती, कारण बेटावरची कुठलीच बातमी आमच्या चुलीला चुकवून जात नसे. त्यानं जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. पण ते मी कुणाला सांगणार? दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडं पोचवायचं एवढंच मी शिकले होते.

"राघो, चहा निवला," मी म्हटलं. त्याला नावानं हाक मारल्याचं माझ्या नंतर लक्षात आलं.

त्यानं पेला खाली ठेवला. उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या मुठीत दगड होता. तो त्यानं कोनाड्यात नाही, चुलीच्या कडेला ठेवला, माझ्या हातापाशी. लाल दगड. आमच्या अंगणातला, खिंडीतला. जळून लाल झालेला, भोकाभोकांचा, तसले दगड फक्त खिंडीतच सापडतात.

मी हसले. "दोन वरसं येतोयस आन् अजून रीत कळली न्हाय तुला? ह्यो कुठल्याच बाजूचा दगड न्हाय."

"व्हय," तो म्हणाला. "कुठल्याच बाजूचा न्हाय."

"मग निरोप जायचा कुठं?"

तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि खिंडीतल्या त्या गारठ्यात घाम कसला हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण माझं लक्ष रीतीकडे. मी टोपलीकडे हात केला. "काळा का पांढरा?"

तेवढ्यात बा आत आला. त्याच्या हातात राघोच्या गाडीची सैल झालेली खीळ होती. "काय, निरोप ठेवतोस का?" असं म्हणून तो तिथंच टेकला. निरोप सांगताना घरातल्या दुसऱ्यानं उठून जायचं अशी काही रीत नव्हती.

राघोनं बाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"पांढरा," तो म्हणाला. "मिठाची बाजू."

"कुणाला?"

"सगुणामावशीला."

सगुणामावशी त्याची सख्खी मावशी. मिठागरात डोक्यावरून मीठ वाहणाऱ्या बायांची मुकादम. राघोची आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं.

"आत्ता सकाळी तर तू तिच्याच घरनं निघालास. तिथंच का न्हाय बोललास?" मी विचारलं.

"इसरलो."

बा हसला. "जाणाऱ्याचं चित्त थाऱ्यावर नसतंय."

"सांग," मी म्हटलं आणि डोळे मिटले. निरोप ऐकताना मी नेहमी डोळे मिटायची. तेही करायला नको होतं.

राघो थांबून थांबून बोलला. "शनिवारी मी बोटीत चढतोय. पर मी ऱ्हावं असं तुला वाटत असंल, तर एकच शब्द सांग, थांब. दुसरं काय बी नको. मी थांबंन."

मी शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला. 'थांब' म्हणताना माझा आवाज चिरकला, म्हणून मी खोकल्यासारखं केलं. डोळे उघडले तेव्हा पांढरा दगड कोनाड्यात होता. चुलीवरचा लाल दगड मी उचलून अंगणात टाकला. राघो गाडी जुंपायला बाहेर गेला तेव्हा वाकून तो उचलताना मला दिसला. त्यानं तो खिशात टाकला. म्हटलं, चाक घसरू नये म्हणून खाली लावायला घेत असेल.

"उत्तराला गुरवारी येतो," तो म्हणाला.

"ये की."

दोन घटकांनी टोपल्या विणणारा गंगाराम मिठाच्या बाजूला उतरायला आला. त्याच्या तोंडात चारच दात. मी त्याच्याकडून निरोप तीनदा म्हणून घेतला. "थांब, थांब, थांब," असं तो तीनदा म्हणाला, आणि मी त्याला एक भजं जास्त दिलं.

ते तीन दिवस मी जेवत होते, भांडी घासत होते, येणाऱ्याजाणाऱ्यांचे निरोप घेत होते आणि देत होते. पण माझा सगळा जीव सगुणामावशीच्या जिभेवर टांगलेला होता. मला वाटायचं, ती कशी जाऊ देईल? मुलासारखा वाढवलाय तिनं. ती म्हणणारच, थांब. तिचा तो शब्द मी उंबऱ्यात उभी राहून त्याला सांगेन, आणि माझ्या तोंडून तो निघाला तरी रीत मोडणार नाही. हा विचार मला इतका गोड वाटला की मंगळवारी मी बिस्किटांचा डबा काढून मिठाचे सगळे खडे पुसून ठेवले.

बुधवारी मिठाच्या बाजूची एक पोरगी भाजी घ्यायला वर चढून आली. मावशीचं उत्तर तिच्याकडे होतं.

"जा बाबा," ती पाठ केलेलं म्हणाली. "इथं तुला थांबवणारं कुणी न्हाय. सुखात ऱ्हा."

"अजून काय?"

"एवढंच. मावशी म्हणाली, ह्याला काय खूळ लागलंय का? पर ते निरोपात न्हाय, ते ती मला म्हणाली."

मी तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. तिला कशाला पुन्हा म्हणायला लावलं कोण जाणे, ते उत्तर तर पुढे जाणार नव्हतं, माझ्यापाशीच थांबायचं होतं.

गुरुवारी राघो आला. गाडी नव्हती, बैल नव्हते. उसाच्या बाजूचा चार तासांचा चढ चालून आला होता. धुतलेला सदरा, केसांना तेल. नुसतं उत्तर ऐकायला माणूस एवढा चढतो का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मला जे सांगायचं होतं ते जिवावर आलं होतं, आणि दुसरं काही सुचत नव्हतं. धुकं नव्हतं त्या दिवशी. दोन्ही दर्ये दिसत होते. लांब शेपटीचे पांढरे पक्षी खालच्या दरीत फिरत होते.

बा मागे जू तासत बसला होता. मी उंबऱ्यात उभी राहिले. राघो अंगणात.

"उत्तर आलंय," मी म्हटलं.

"सांग."

मी डोळे मिटले नाहीत. त्याच्याकडे बघूनच बोलले, कारण पुन्हा बघायला मिळणार नव्हतं.

"जा बाबा. इथं तुला थांबवणारं कुणी न्हाय. सुखात ऱ्हा."

त्याचा चेहरा काही बदलला नाही. नुसता एकदा मान हलवून उभा राहिला.

"निरोप बराबर पोचला हुता?" त्यानं विचारलं.

"शब्द न् शब्द." आणि खरं सांगते, तेवढ्या दुःखातसुद्धा मला माझ्या पाठांतराचा अभिमान वाटला.

"आन् उत्तर एवढंच?"

"एवढंच."

"तुझं काय—" तो म्हणाला आणि थांबला. "म्हंजे तुला सवताला ह्यात काय घालायचं न्हाय?"

माझ्या दातांमागे तो शब्द होता. दोनच अक्षरं. बाच्या तासणीचा आवाज मागे चालला होता. मला ती म्हातारी आई दिसली, उशिरा निघालेला लेक दिसला. वाटलं, त्याच्या मावशीनं, जिनं वाढवलं तिनं जा म्हटलंय, आणि मी कोण मध्ये बोलणारी? माझ्या एका शब्दानं त्याचं विलायतेचं काम जाईल, जन्म गोण्या वाहण्यात जाईल, आणि तोही त्यानं मागितलेला शब्द नव्हे, मी चोरून घातलेला.

"निरोपात आपला शब्द घालायचा नसतो," मी म्हटलं.

"व्हय," तो म्हणाला. "रीतच हाय तुमची."

कोनाड्यातला पांढरा दगड त्यानं उचलला आणि मिठाच्या उतरणीवर फेकला. बराच वेळ तो खालच्या दगडांवर आपटत गेल्याचा आवाज येत राहिला. दुसरा हात त्याच्या खिशात होता, मूठ वळलेली. चहा घे म्हणाले, तर नको म्हणाला. उसाच्या बाजूला उतरला. पहिल्या वळणावर त्यानं मागे पाहिलं की नाही मला माहीत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला काही नीट दिसत नव्हतं.

शनिवारी तिसऱ्या प्रहरी पश्चिमेच्या दर्यावर धुराची एक बारीक रेघ दिसली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी अंगणात उभी होते. बा एकदा बाहेर आला, त्यानंही पाहिलं, आणि आत जाऊन त्यानं त्या दिवशीचा भात स्वतः चुलीवर चढवला.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं, मिठाच्या बाजूला, संताराम नावाच्या बसच्या ड्रायव्हरशी. चांगला माणूस. मला हसवायचा. त्याच्या-माझ्या संसारात काही उणं होतं असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर जीभ झडेल. पण बिस्किटांचा डबा मी बरोबर नेला होता, आणि त्यात काय आहे हे त्यानं कधी विचारलं नाही.

लग्नानंतर तीन-चार वर्षांनी आलेल्या गणपतीचं सांगते. बाप्पाच्या पाठवणीच्या दिवशी आम्ही बाया नदीकाठी बसलो होतो. पोरं झाकरीच्या, म्हणजे कोकणातल्या जाखडीच्या, नाचात दंग होती. सगुणामावशी माझ्या शेजारी येऊन टेकली. आता ती थकली होती, मीठ वाहून मान वाकली होती.

"राघोचं पत्र आलं," ती म्हणाली. "लगीन केलं म्हणं तिकडं. त्याच हॉस्पिटलातली कुणी पोरगी."

"बरं झालं," मी म्हटलं. आवाज नीट निघाला.

"बरंच झालं. पर येक गोष्ट मला अजून कळली न्हाय बघ येसू. तू तेव्हा खिंडीत हुतीस. त्यानं तो निरोप मला कशाला धाडला हुता?"

"कुठला?"

"थांब म्हण, मी थांबंन, ह्यो. अगं, बोटीचं तिकीट मी माझ्या पाटल्या मोडून काढलेलं. सहा महिनं त्याच्या मागं लागलेली, जा म्हणून. त्याच सोमवारी सकाळी त्याला लोणच्याची बरणी बांधून दिली, पाया पडून गेला माझ्या. आन् दुपारी खिंडीतनं इचारतोय, मावशे, थांबू का? म्या म्हटलं ह्याला खूळ लागलं. दुसऱ्या कुणाला इचारायचं असंल, तर नाव माझं कशाला घालतोय?"

मला आधी तिचं बोलणं नुसतं ऐकू आलं. मग तो दगड दिसला. चुलीच्या कडेला, माझ्या हातापाशी ठेवलेला. लाल. कुठल्याच बाजूचा न्हाय, असं तो माझ्याकडे बघत म्हणाला होता.

चार पिढ्या आमच्या घरात निरोप आले होते, आणि त्यांतला प्रत्येक कुठल्या तरी बाजूला जाणारा होता. खिंडीतल्या घराला निरोप कधी कुणी आणलाच नाही. असा निरोप येऊ शकतो, हेच मला ठाऊक नव्हतं. मी बाजू विचारली. पुन्हा पुन्हा विचारली. आणि शेवटी माझ्याच तोंडानं त्याला सांगितलं, की इथं तुला थांबवणारं कुणी नाही.

"काय गं, अशी पांढरी का पडलीस?" मावशी म्हणाली.

"ऊन लागलं," मी म्हटलं. सगळ्या बाया उठल्या तरी मी तिथंच बसून होते. संताराम शोधत आला आणि मला हाताला धरून उठवलं.

त्यानंतर खिंडीतून डांबरी रस्ता गेला. बा गेला. घर रस्त्यात गेलं. आता तिथं कठडा आहे, गाड्या लावायला जागा आहे, मिरची-मीठ लावलेला अननस मिळतो, आणि लोक दोन्ही दर्यांकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात. बारा वर्षांपूर्वी संताराम गेला. राघोबद्दल मी कुणाला विचारलं नाही. मावशीच्या माघारी त्याची खबर सांगणारंही कुणी उरलं नव्हतं.

मग माझी नात कविशा नर्सिंग शिकून विलायतेला निघाली. तिचं मराठी शाळेतलं, पुस्तकासारखं नीटनेटकं. जाण्याआधी पाया पडायला आली, तेव्हा तिनं विचारलं, "आजी, तुझ्यासाठी तिथून काय आणू?"

"आणू नको काय. न्यायचं हाय. येक निरोप."

तिला हसू आलं. "फोन आहे ना आजी."

"ह्यो फोनवर जाणारा न्हाय. तिकडं आपल्या लोकांचा गणपती बसतो म्हणतेस ना? तिथं इचार, उसाच्या बाजूचा राघो, बासष्टच्या बोटीनं आलेला. हॉस्पिटलात कामाला हुता. जिवंत असंल तर सांग."

मी तिला समोर बसवलं आणि निरोप सांगितला. "खिंडीतल्या घराला धाडलेला निरोप घराला उशिरा कळला. उत्तर हाय, थांब."

"एवढंच?"

"एवढंच. तीनदा म्हण."

तिनं तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना ती माझ्याकडे बघत होती, आणि हसत नव्हती.

मला उत्तराची आशा नव्हती. आता तो थांबून तरी कुठं थांबणार? त्याचाही जन्म सरला, माझाही सरला. पण निरोप आला आणि घरानं उत्तर दिलं नाही, असं चार पिढ्यांत कधी घडलं नव्हतं, आणि मला ते तसंच ठेवून मरायचं नव्हतं. हे मी मनाला सांगायची. खरं म्हणजे मला तो शब्द एकदा माझा म्हणून त्याच्या कानावर जायला हवा होता.

गेल्या डिसेंबरात कविशा सुट्टीवर आली. सामान ठेवायच्या आधी माझ्या खाटेवर येऊन बसली.

"भेटले मला ते," ती म्हणाली. "व्हीलचेअरवर आहेत. बायको पाच वर्षांपूर्वी वारली. कानांनी कमी ऐकू येतं, म्हणून निरोप मोठ्यानं सांगावा लागला. त्यांनी माझ्याकडून तो तीनदा म्हणून घेतला, आजी. तू घेतलास तसाच."

"मग?"

"मग म्हणाले, हे उत्तर कुणाचं? मी म्हटलं, माझ्या आजीचं, येसूचं. ते म्हणाले, 'तिचं सवताचं? का कुणाचा निरोप सांगतीय ती?' मी म्हटलं, तिचं स्वतःचं. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली."

"आन् मग?"

"मग म्हणाले, 'घातला म्हणायचा तिनं आपला शब्द.' आणि रडले. मला काय करावं कळेना, मी पाणी दिलं. जाताना त्यांनी मुलीला कपाटातून हे काढायला लावलं."

तिनं पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली. मी न सोडताच ओळखलं. तो इतका हलका असतो, आमच्या खिंडीतला दगड. हाताळून हाताळून त्याची भोकं बुजली होती आणि कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

"आणि म्हणाले, तिला सांग, आता तरी बाजू विचारू नको."

दुसऱ्या दिवशी मी कविशाला मला खिंडीत घेऊन जायला लावलं. अननसवाल्याच्या गाडीपाशी, जिथं आमची चूल होती असा माझा अंदाज आहे, तिथं कठड्याला टेकून मी उभी राहिले. ऊन होतं. दोन्ही दर्ये दिसत होते.

"निरोप पोचला, उत्तर आलं," कविशा म्हणाली. "आता दगड फेकायचा असतो ना?"

"व्हय. फेकायचा असतो."

"कुठल्या बाजूला?"

मी बराच वेळ तो मुठीत धरून उभी होते. वारा सुटला तशी ती म्हणाली, आजी, चल, गारठशील. मी आले. दगड उशाशी आहे, बिस्किटांच्या डब्यात, मिठाच्या खड्यांबरोबर. अजून फेकलेला नाही.